उशीर करण्याचा हक्क

एअरबस ए-३२० गेटला लागलं, चाकांना चॉक्स, म्हणजे अडसराचे ठोकळे, बसले, की तेच विमान पुढच्या प्रवासासाठी मागे ढकललं जाईपर्यंत आपल्याकडच्या स्वस्त विमान कंपन्या साधारण अर्धा तास धरतात. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. तेवढ्यात १८० माणसं उतरतात, १८० चढतात, विमानाच्या पोटातलं सामान रिकामं होऊन पुन्हा भरतं, पंखाखाली इंधनाची गाडी लागते, केबिन झाडली जाते. हे सगळं खिडकीतून, नाहीतर रांगेत उभं राहून, आपल्याला दिसतं. पुढच्या बंद दाराआड त्याच अर्ध्या तासात काय चालतं ते दिसत नाही. आणि पुढच्या उड्डाणाच्या सुरक्षिततेचा बराचसा हिशेब तिथे, जमिनीवरच, होऊन जातो.

दोघांपैकी एक वैमानिक खाली उतरून विमानाला फेरी मारतो. टायरची झीज, ब्रेकची झीज दाखवणारी बारीक पिन, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या, इंजिनाच्या तोंडाशी पक्ष्याच्या धडकेची खूण, कुठे तेल गळतंय का. ए-३२० च्या कुळातल्या विमानांत इंजिनाच्या झाकणांच्या कड्या इंजिनाच्या पोटाखाली असतात. त्या नीट बसल्यात का हे पाहायला गुडघे वाकवून, जवळजवळ जमिनीला टेकून बघावं लागतं. पाऊस असेल, मागचं उड्डाण उशिरा आलं असेल, तर पहिलं सुटतं ते हे वाकणं. २४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवरून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ए-३१९ च्या दोन्ही इंजिनांची झाकणं उड्डाण घेतानाच निखळली. रात्रपाळीच्या तंत्रज्ञांकडून कड्या उघड्या राहिल्या होत्या आणि सकाळी विमानाभोवती वावरलेल्या कुणाच्याही नजरेला ते पडलं नाही. पुढे उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परत आलं, सगळे वाचले.

दुसरा वैमानिक तोवर आत संगणकाला मार्ग, वारा, इंधन, वजन भरवत असतो. यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. विमानाचं नेमकं वजन सांगणारी लोडशीट बहुतेकदा अगदी शेवटी येते, दार बंद व्हायच्या बेतात. त्या वजनावरून धावपट्टीवर किती वेगाला नाक उचलायचं, पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप किती सोडायचे, इंजिनाला किती जोर द्यायचा हे ठरतं. ज्या आकड्यावर सगळं उभं, तोच आकडा सर्वांत गर्दीच्या क्षणी हाती पडतो. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४० मध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असा आकडा भरला गेला. चुकला तो एकच अंक, पण वजन पुरतं १०० टनांनी कमी झालं. संगणकाने त्या वजनाला साजेसा कमी वेग आणि कमी जोर काढून दिला. शेपूट धावपट्टीला घासलं, विमान पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन कसंबसं उचललं गेलं. २७५ माणसं वाचली. पडताळणीच्या पायऱ्या कागदावर होत्या. मधल्या व्यत्ययांत त्यातल्या काही मोडल्या, काही नुसत्या उरकल्या गेल्या.

उशीर झाला की त्याला दोन आकडी कोड लावतात. ९३ म्हणजे विमानच मागच्या फेरीहून उशिरा आलं. इंधनाचा वेगळा, सामानाचा वेगळा, कर्मचाऱ्यांचा वेगळा. ही नोंद हवीच, त्याशिवाय दुखणं कुठे आहे ते कळणार नाही. पण कोडबरोबर ती मिनिटं कुणाच्या तरी खात्यावर चढतात, आणि आपल्या खात्यावर चढू नयेत असं प्रत्येकाला वाटतं. दिवसाला चार फेऱ्या करणाऱ्या विमानाला सकाळी वीस मिनिटं उशीर झाला, तर संध्याकाळपर्यंत तो उतरंडीसारखा एकावर एक चढत जातो. दुपारी ते विमान ताब्यात घेणाऱ्या वैमानिकांनी काहीच केलेलं नसतं, तरी ते ‘वेळ भरून काढायची’ या वाक्याने दिवस सुरू करतात.

नासाकडे वैमानिक आपणहून चुका कळवतात, अशी एक गोपनीय व्यवस्था अमेरिकेत १९७६ पासून आहे. तिच्यातल्या घाईशी संबंधित १२५ प्रसंगांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६३ टक्के प्रसंगांचं मूळ उड्डाणापूर्वीच्या तयारीत सापडलं, आणखी २७ टक्क्यांचं धावपट्टीकडे जाताना. परिणाम मात्र बऱ्याचदा नंतर दिसले, धावपट्टीकडे नेणाऱ्या टॅक्सीवेवर, धावपट्टीवर, हवेत. पेरणी एकीकडे आणि उगवण दुसरीकडे. म्हणून विमान हवेत नीट चाललेलं असताना ‘झाली घाई, पण निभावलं’ असं वाटतं तो क्षण मला सर्वांत फसवा वाटतो. गेटवर काय सुटलंय याचा पत्ता तोवर लागलेला नसतो.

घाईत माणूस कामं गाळतो, असा आपला सर्वसाधारण समज. माद्रिदचा अपघात त्याहून अवघड गोष्ट दाखवतो. २० ऑगस्ट २००८. स्पॅनएअरचं एमडी-८२ दुपारी एकला निघायचं होतं. धावपट्टीपर्यंत गेल्यावर बाहेरचं तापमान मोजणाऱ्या एका सुईचा हीटर जमिनीवरच तापू लागल्याचं दिसलं. विमान परत आणलं. तंत्रज्ञाने तो हीटर बंद करून विमानाला जाऊ दिलं, नियमांत ते बसत होतं. बाहेर उन्हाळा, आत बसलेले प्रवासी, तासाभराहून जास्त उशीर. इंजिनं सुरू झाल्यावरची चेकलिस्ट चालू होती. पुढचा मुद्दा फ्लॅप आणि स्लॅटचा, म्हणजे पंखाच्या मागच्या-पुढच्या कडा बाहेर काढून कमी वेगात उचल मिळवण्याचा. नेमकं त्याच वेळी कॅप्टनने सहवैमानिकाला टॅक्सीची, म्हणजे धावपट्टीकडे निघण्याची, परवानगी मागायला सांगितलं. परवानगी मिळाली, विमान हललं, आणि तो मुद्दा तिथेच राहिला.

त्यानंतरही तो पकडायची संधी होती. उड्डाणाच्या तोंडावरच्या शेवटच्या चेकलिस्टमध्ये सहवैमानिकाने फ्लॅपचा आकडा म्हटला, ‘अकरा’. फ्लॅप शून्यावर होते. तो खोटं बोलत नव्हता. शेकडो वेळा त्या जागी अकरा दिसलेलं होतं, त्या दिवशी ओठांनी ते म्हटलं आणि डोळ्यांनी तपासलं नाही. घाईत काम केल्यासारखं होतं ते असं. चुकीच्या जुळणीत ओरडायला हवी होती ती भोंग्याची यंत्रणाही गप्प राहिली. १७२ पैकी १५४ माणसं गेली. याच प्रकाराने, फ्लॅप न सोडता, १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटला नॉर्थवेस्टचं एमडी-८२ पडलं होतं आणि १५६ जण गेले होते. एकवीस वर्षांचं अंतर, तीच विमानाची जात, तोच सुटलेला मुद्दा.

आता टेनेरीफ. विमान वाहतुकीतला सर्वांत मोठा अपघात म्हणून तो सांगितला जातो, ५८३ मृत्यू. पण तो घड्याळाचा अपघात म्हणून फार कमी वेळा सांगितला जातो.

२७ मार्च १९७७, रविवार. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून सगळी विमानं शेजारच्या टेनेरीफच्या लॉस रोडेओस या लहानशा, डोंगरातल्या विमानतळावर वळवली. त्यात नेदरलँड्सच्या केएलएमचं एक बोइंग ७४७ आणि अमेरिकेच्या पॅन ॲमचं एक. त्याच्या काही महिने आधी नेदरलँड्समध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम कडक झाले होते. पूर्वी कॅप्टन स्वतःच्या अखत्यारीत तास थोडे वाढवू शकत असे, ती मुभा गेली होती. मर्यादा ओलांडली तर खटला होऊ शकत होता. केएलएमचा कॅप्टन रेडिओवरून ॲम्स्टरडॅमशी बोलून आपल्याकडे किती वेळ उरलाय याचा हिशेब लावत होता. लास पाल्मासला गर्दीत वेळ जाऊ नये म्हणून त्याने टेनेरीफलाच ५५,५०० लिटर इंधन भरून घेतलं. त्याचं विमान वाट अडवून उभं असल्यामुळे लास पाल्मास उघडल्यावरही मागचं पॅन ॲम निघू शकलं नाही, जागा जेमतेम बारा फुटांनी कमी पडत होती. तेवढ्यात डोंगरावरून ढग उतरून धावपट्टीवर पसरले.

पुढचं अंगावर काटा आणणारं आहे, आणि ते सगळं रेकॉर्डरवर आहे. केएलएम धावपट्टीच्या टोकाशी वळलं आणि कॅप्टनने लगेच इंजिनाचा जोर वाढवायला घेतला. सहवैमानिक म्हणाला, अजून परवानगी नाही. ‘माहीत आहे, माग,’ असं उत्तर आलं. कंट्रोलने मार्गाची परवानगी दिली, तिच्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. उड्डाणाची परवानगी ती नव्हती. सहवैमानिक ती परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टन म्हणाला, निघतोय. कंट्रोलचं ‘थांबा’ आणि पॅन ॲमचं ‘आम्ही अजून पट्टीवरच आहोत’ ही दोन वाक्यं एकाच वेळी आली आणि रेडिओवर एकमेकांत मिसळून कर्कश शिट्टीत बुडाली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते पॅन ॲम बाहेर पडलं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठामपणे ‘पडलं की’ असं सांगितलं. काही सेकंदांनी धडक झाली.

तो कॅप्टन कंपनीचा ७४७ वरचा प्रमुख प्रशिक्षक होता, नवशिका नव्हता. म्हणून ‘निष्काळजी होता’ एवढं म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. थकलेल्या माणसाने उडू नये म्हणून केलेला नियमच त्या संध्याकाळी एक घड्याळ होऊन त्याच्या डोक्यावर टांगला गेला. नियम चुकीचा नव्हता. पण कुठलीही मर्यादा आखली की तिच्या अलीकडचा शेवटचा तास घाईचा होतो. त्या तासात माणसाला थांबता यावं यासाठी पलीकडे काहीतरी तयार ठेवावं लागतं: दुसरा क्रू, हॉटेलच्या खोल्या, प्रवाशांची सोय. टेनेरीफच्या त्या छोट्या विमानतळावर यातलं काही हाताशी नव्हतं.

१ जून १९९९ ला अमेरिकन एअरलाइन्सचं एमडी-८२ असंच लिटल रॉकला वादळात उतरलं. उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला होता आणि क्रूची चौदा तासांची मर्यादा संपायच्या आत डलास सोडणं भाग होतं. तेराव्या-चौदाव्या तासाला, विजा चमकत असताना, चाकं टेकल्यावर पंखावर उभे राहून विमानाला जमिनीवर दाबून धरणारे स्पॉइलर आधी सज्ज करायचे राहून गेले. ओल्या पट्टीवर ब्रेक धरेनात. अकरा जण गेले, त्यात कॅप्टनही. डलासच्याच विमानतळाभोवती एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने वादळी ढग आणि विमानांचे मार्ग पडताळून पाहिले होते. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झालेली विमानं वादळाला वळसा घालण्याऐवजी त्यातून जाण्याची शक्यता जास्त दिसली. अभ्यासलेल्या विमानांचे वैमानिक प्रशिक्षित, अनुभवी होते. उशिराने त्यांच्या नजरेतला ढगच थोडा हलका केला.

आणि मग कोळिकोड. ७ ऑगस्ट २०२०, करोनाच्या काळात दुबईहून माणसं घेऊन आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७, आत १९० जण. कॅप्टन दीपक साठे. हवाई दलात नाव कमावलेले, नागपूरशी नातं असलेले, आणि त्या रात्री महाराष्ट्रात कितीतरी घरांत त्यांच्यासाठी डोळे भरून आले. पावसात पहिला प्रयत्न सोडून दिला गेला, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्यांदा विरुद्ध दिशेने, पाठीमागून वारा घेत, विमान आलं. पट्टी ८,८५८ फुटांची, टेबलासारख्या डोंगरावरची. चाकं टेकली ती जवळपास अर्ध्यावर, ४,४३८ फुटांवर. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. विमान पट्टीपलीकडे जाऊन खाली घसरलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवालाने ठरलेली पद्धत न पाळल्याचं नोंदवलं, ते खरंच आहे. पण त्याच अहवालात दुसरी एक नोंद आहे, ती मला जास्त अस्वस्थ करते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून दोह्याला जाणारं उड्डाण याच कॅप्टनकडे होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर सक्तीच्या विश्रांतीमुळे ते उड्डाण त्यांना करता आलं नसतं. आणि कोळिकोडला नेमणुकीवर २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन होता एक. एकच! त्या रात्री पावसात जो निर्णय झाला त्याची पहिली ओळ कित्येक महिन्यांपूर्वी, कोरड्या हवेत, मनुष्यबळाच्या तक्त्यावर लिहिली गेली होती.

आपल्या घाटांत वळणावळणांवर पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. ती चालकाला उद्देशून आहे, आणि एसटीच्या चालकालाही माहीत असतं की घाई नेहमी त्याची नसते. वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या टेबलासमोर अशी पाटी कुणी लावत नाही. २०२५ च्या डिसेंबरात आपल्याकडे याचा उघड अनुभव आला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, नियमांतली रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली, रात्रपाळीतली उतरणं सहावरून दोनवर आली. हे बदल जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तरी नोव्हेंबरात ते पूर्ण लागू होताच इंडिगोच्या रोस्टरवर पुरेशी माणसं नसल्याचं उघड झालं आणि एकेका दिवशी शेकडो, ५ डिसेंबरला तर हजारावर उड्डाणं रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लोक बॅगांवर बसून राहिले. सुटकेसाठी रात्रीच्या कामाचे काही नियम १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत कंपनीला शिथिल करून दिले गेले. प्रवाशांचा संताप रास्त होता. पण वाकला तो विश्रांतीचा नियम, याचं दुःख त्या गदारोळात फारसं कुणी केलं नाही.

मुंबईत आणखी एक घड्याळ आहे. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. गर्दीच्या तासाला ४६ विमानं तिच्यावरून उतरायची-उडायची, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. २०२४ च्या सुरुवातीला हा आकडा ४४ वर आणला गेला, आणि तेव्हाही ओरड झाली. मागे उतरणारं विमान चार मैलांवर असताना ‘लगेच उडू शकाल का?’ असा प्रश्न कंट्रोलकडून येतो. केबिन तयार नसेल, शेवटची चेकलिस्ट अर्धी असेल, तर उत्तर एकच: नाही. ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, या एका शब्दासाठी वैमानिकाला कसलंही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. तरी तो शब्द तोंडातून निघायला जड जातो, कारण मागे सात विमानांची रांग ऐकत असते.

म्हणून ‘घाई करू नका’ या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो थांबण्याच्या जागा आधीच ठरवून ठेवण्याचा. चेकलिस्ट मध्येच तुटली तर आठवेल तिथून जोडायची नाही, पहिल्या ओळीपासून. टॅक्सी करताना धावपट्टी बदलली तर चालत्या विमानात नवे आकडे भरायचे नाहीत. विमान थांबवायचं, मग दोघांनी मिळून भरायचे. लोडशीटचं वजन दोघांनी वेगवेगळं, एकमेकांचं न पाहता भरायचं, आणि आलेला वेग मागच्या फेरीच्या वेगाशी ताडून पाहायचा. एवढ्याच भरलेल्या विमानाला तो वीस नॉटने कमी कसा, हा प्रश्न तिथेच पडला पाहिजे. इंधन थोडं जास्त घ्यायचं. जेट विमानाला अगदी शेवटची राखीव म्हणून अर्ध्या तासाचं इंधन सक्तीने राखावंच लागतं, पण त्याच्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटांचं असेल तर एक प्रयत्न सोडून पुन्हा फिरून येताना छातीत धडधड होत नाही. टाकीतलं ते इंधन म्हणजे विकत घेतलेला वेळ आहे.

गो-अराउंडचंच घ्या. ठरलेल्या उंचीला, ढगांत १,००० फूट आणि स्वच्छ हवेत बहुतेक कंपन्यांत ५०० फूट, वेग, उतार, दिशा, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी नसेल तर उतरायचं नाही. नियम इतका साधा. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार असे विस्कटलेले प्रयत्न सोडून देणारे शंभरात तीनच, सत्त्याण्णव उतरतातच. बहुतेक सुखरूप उतरतात, आणि प्रत्येक सुखरूप उतरणं पुढच्या वेळचा संकोच वाढवतं. मंगळुरूला २२ मे २०१० ला सहवैमानिकाने गो-अराउंडचं सांगितलं, एकदा नव्हे. विमान तरीही सुमारे ५,२०० फुटांवर टेकलं आणि १५८ जण गेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने त्या नोंदी नीट मांडून ठेवल्यात. दहा वर्षांनी कोळिकोडला डावीकडे कॅप्टनच्या जागी दुसरा माणूस, उजवीकडे सहवैमानिकाच्या जागी दुसरा, शब्द तोच, आणि तो शब्द उच्चारणाऱ्याने सुकाणू हाती घेतलं नाही तेही तसंच. जिथे गो-अराउंड केल्याबद्दल कुणी एका ओळीचंही स्पष्टीकरण मागत नाही, अशा कंपनीत उजवीकडच्या माणसाचा आवाज वेगळा निघतो.

केबिन क्रूच्या घाईबद्दल कमी बोललं जातं. दार उघडताच आणीबाणीची स्लाइड आपोआप फुगू नये म्हणून ती आधी निःशस्त्र करायची, समोरच्या दाराच्या सहकाऱ्याने ती पडताळायची. हा क्रॉस-चेक तीन सेकंदांचा असतो. दमलेल्या हाताने तो सुटला की फुगणारी घसरगुंडी बाहेर फेकली जाते. खाली शिडीवर माणूस असेल तर त्याला गंभीर इजा होते, आणि विमान त्या दिवसापुरतं बाद. चौथ्या फेरीच्या शेवटी, अर्ध्या तासात पुन्हा भरायच्या विमानात, आधीच उठून बॅगा काढणाऱ्या प्रवाशांना बसवत ते तीन सेकंद राखायचे असतात.

उद्या कधी तुमचं विमान धावपट्टीकडे जाता जाता एका कडेला थांबेल. इंजिनं चालू, बाहेर काही दिसत नाही, शेजारचा घड्याळ बघतोय. पुढे पार्किंग ब्रेक लावलेला असेल. कंट्रोलला ‘स्टँडबाय’ कळवलेलं असेल, मागून आलेलं विमान तुम्हाला ओलांडून पुढे जाईल, रांगेतला नंबर जाईल. दोघांपैकी एकजण पहिल्या ओळीपासून वाचायला लागेल, आणि दुसरा फ्लॅपच्या दांड्यावर हात ठेवून, पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी पाहून, मग उत्तर देईल.